पौनीकरांची तिसरी डबी

"मॅडम, पुन्हा लाळच आली हो. पाण्यासारखी आहे. हे मशीनमध्ये टाकून काय करू?"

फोनवर इरफान होता, आमच्या सेंटरचा लॅब टेक्निशियन. कमी बोलणारा माणूस. तो स्वतःहून फोन करतो तेव्हा काहीतरी बिघडलेलं असतं.

"कोणाची डबी?"

"पौनीकर. बेसावाले. पहिलीही अशीच होती."

"टाक तरी," मी म्हटलं. संध्याकाळी रिपोर्ट आला. निगेटिव्ह. दुसऱ्यांदा.

मी टीबी हेल्थ व्हिजिटर आहे. म्हणजे संशयित पेशंट शोधायचे, त्यांची थुंकी तपासणीला आणायची, टीबी निघाला तर गोळ्या सुरू करून द्यायच्या आणि शेवटच्या गोळीपर्यंत मागं लागायचं. मागं लागणं हीच खरी नोकरी. माझा नवरा म्हणतो, तुला याचा पगार मिळतो हेच नवल, घरी तर तू हे फुकटातच करतेस.

पौनीकर काकांचं वय शहात्तर. सगळी उमर इतवारीच्या जुन्या बाजारात एका भांड्यांच्या दुकानात काढली. बायको गेल्यावर मुलानं त्यांना शहराच्या टोकाला, बेसाच्या फ्लॅटमध्ये आणलं. सून स्वाती त्यांना शुगर तपासायला आमच्या सेंटरवर घेऊन आली होती. मी सवयीनं वजनकाट्यावर उभं केलं. शेचाळीस किलो. शुगरच्या कार्डावर वर्षभरापूर्वीचं वजन अठ्ठावन्न होतं.

"बारा किलो कुठं गेले काका?"

"म्हातारपण होय बाई. अजून काय?"

ताप नाही. खोकल्यातून रक्त नाही. रात्री घाम नाही. खोकला होता, पण "थोडासा, तो तं असतेच." जेवण दोन पोळ्यांवरून अर्ध्या पोळीवर आलेलं. दिवसभर पडून राहायचे. त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांनी टॉनिक लिहून दिलं होतं, आणि घरच्यांनी समजूत करून घेतली होती की आता असंच चालायचं.

इथं थोडं सांगायला हवं. तरुण माणसाला टीबी झाला तर तो आरडाओरडा करून येतो. ताप, खोकला, रक्त, सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं. म्हाताऱ्या शरीरात तेवढा जोरच नसतो. भूक मरते, वजन उतरतं, अंग गळतं, बस. त्यात शुगर असली की धोका आणखी वाढतो. कधीकधी लहानपणी शरीरात शिरलेले जंतू आयुष्यभर झोपून असतात आणि अंगातली ताकद कमी झाली की जागे होतात. घरच्यांना वाटतं, वय झालं. पेशंटलाही तेच वाटतं.

एक्स-रेत डाव्या फुफ्फुसाच्या खालच्या बाजूला डाग होता. टीबी बहुतेक वेळा वरच्या बाजूला बसतो. म्हणून आमचे मेडिकल ऑफिसर अडून बसले. माझ्या मुलाच्या वयाचे आहेत, हुशार आहेत, पण मी त्यांना सरच म्हणते.

"मॅडम, दोन निगेटिव्ह झाले. हा डाग जुन्या न्यूमोनियाचाही असू शकतो."

"आणि वजन, सर?"

"शुगर."

"शुगर कंट्रोलमध्ये आहे. कार्ड बघा ना."

त्यांनी कार्ड बघितलं. पेन खाली ठेवला. "मान्य. पण शहात्तर वर्षांच्या माणसाला मी अंदाजानं सहा महिने गोळ्या कशा देऊ? लिव्हरला झेपल्या नाही तर? शिवाय जंतू कोणत्या औषधाला दाद देतात तेही मशीनच सांगेल. मला नीट सॅम्पल आणून द्या. नाहीतर मोठ्या दवाखान्यात पाठवू, ते घशातून फुफ्फुसात नळी टाकून आतलं पाणी काढतील."

नळीचं नाव काढताच पौनीकरांच्या मुलानं, नितीननं, फोनवर साफ नाही सांगितलं. "या वयात नळी? नाही मॅडम. दोन रिपोर्ट निगेटिव्ह आहेत. आता पुरे करा."

सोडून दिलं असतं तर कोणी मला जाब विचारला नसता. कागद पूर्ण होता. पण मी असे पेशंट पाहिले आहेत. दोन-तीन महिन्यांत खाटेला लागतात, मग न्यूमोनियाचं नाव होतं आणि माणूस जातो. शिवाय स्वातीनं सहज सांगितलं होतं की नात आजोबांच्याच खोलीत झोपते. पहिलीतली पोर. माझ्या डोक्यातून ते जाईना.

थुंकीचं असं आहे. तपासणीला तोंडातली लाळ चालत नाही. छातीतून वर आलेला घट्ट बेडका लागतो. तो सकाळी उठल्याउठल्या पहिल्यांदा निघतो, रात्रभर साचलेला. हे मी पौनीकरांना समजावून सांगितलं होतं. "हाव हाव, समजलं," म्हणाले होते. डबीही सकाळचीच होती. मग लाळ कशी येते? माणसाला समजलंच नाही, का बेडकाच निघत नाही? हे बघायचं तर त्यांना घरी सकाळीच गाठायला पाहिजे होतं.

मी मनीषनगरला राहते. तिथून बेसा काही दूर नाही. दुसऱ्या दिवशी साडेपाचला स्कूटी काढली. नवरा चादरीतूनच म्हणाला, "काहून वं एवढ्या सकाळी? मेला का कोणी?"

"मरू नये म्हणून चालली," मी म्हटलं. मलाच माझं बोलणं कडक वाटलं.

बिल्डिंगच्या गेटमधून आत शिरले आणि पार्किंगच्या मागच्या बाजूनं पौनीकर काका येताना दिसले. हातात प्लास्टिकचा मग. भिंतीला धरून धरून चालत होते. मला बघून दचकले.

"काका, कुठं गेले होते?"

"कुठं नाई. गळा मोकळा कराले."

"रोज जाता?"

"हाव." मग जरा लाजत म्हणाले, "इतवारीत होतो तं मोरीत बसून खाकरत होतो. अख्खी गल्ली उठे. कोणी काही म्हणे नाई, सारेच खाकरत. इथं फ्लॅट होय ना बाई. खालच्या मजल्यावर लहान लेकरू हाय, ते उठून जाते म्हणे. पोरगा बोलला, बाबा जरा हळू. हळू कसं खाकरतेत? मंग मी खालीच येतो. नालीवर. कोणी उठायच्या आधी."

"आणि मग?"

"मंग वर जातो, दात घासतो, चुळा भरतो, चहा घेतो. अन् मंग तुमची डबी भरतो. एकदम साफसुथरी."

मी तिथंच एका मोटारसायकलला टेकून उभी राहिले. अरे देवा! छातीतला सगळा माल रोज नालीत जात होता, आणि आमच्याकडे येत होती चहानंतरची चूळ. आणि मी? मी फॉर्मवर 'सूचना समजावून सांगितल्या' या ओळीसमोर टिक केलं होतं. सकाळी पहिला बेडका कुठं टाकता, एवढा साधा प्रश्न मी विचारला नव्हता. इतक्या वर्षांची नोकरी माझी. राग आला, आणि तो माझाच आला.

"काका, मला ते खाली टाकता ना, तेच पाहिजे होतं."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू बाई वेडी झाली. "ते? ते घाण तुमच्या हातात देऊ? तुमी बाईमाणूस, सरकारी मॅडम. शोभते का वं?"

"ती घाण नाही काका. माझी नोकरी आहे ती."

"मंग दुसरी पाहा," म्हणाले. मला हसू आलं आणि त्यांनाही आलं. हसता हसता खोकला लागला आणि ते भिंतीला धरून खालीच बसले. तेवढ्या हसण्यानं माणूस दमला होता.

मी हात धरून त्यांना वर घेऊन गेले. नितीननं दार उघडलं. बनियनवर होता, झोप डोळ्यांत. सगळं ऐकलं आणि म्हणाला, "मॅडम, तुमची कळकळ समजते मला. पण बाबांना आता त्रास नको. शहात्तर वर्षं झाली. जेवढं राहिलं तेवढं शांततेत जाऊ द्या."

"शहात्तर वर्षं ही काही बीमारी नाही, नितीन." माझा आवाज चढला. आतून स्वाती बाहेर आली. "तुमचे बाबा अर्धी पोळी खाऊन राहिले. ही शांतता नाही, उपासमार आहे. उद्याची एक सकाळ द्या मला, वर गच्चीवर. त्यातही काही नाही निघालं तर मी तुमच्या दारात पुन्हा पाय ठेवणार नाही."

स्वाती त्याच्याकडे न बघताच म्हणाली, "या मॅडम. उद्या गच्चीची चावी मी घेऊन ठेवते."

दुसऱ्या दिवशी पाचलाच पोचले. काकांना सांगून ठेवलं होतं, उठल्यावर खाली जायचं नाही, चहा नाही, ब्रश नाही, फक्त साध्या पाण्याची एक चूळ. गच्चीवर मोकळी हवा असते, म्हणून तिथं. बंद खोलीत खोकायला लावलं तर जंतू खोलीतच फिरतात. मी मास्क लावून वारा येत होता त्या बाजूला उभी राहिले. नितीन जिन्याच्या दारात.

"दोनदा लांब श्वास घ्या. तिसऱ्यांदा घ्या, धरा, आणि पोटातून खोका."

पहिल्यांदा काहीच नाही. दुसऱ्यांदा नुसतीच लाळ. ती मी टाकायला लावली. तिसऱ्यांदा असे काही खोकले की डोळ्यांत पाणी आलं आणि गुडघे वाकले. नितीन धावत आला. "बस झालं मॅडम!" मलाही भीती वाटली, खोटं कशाला सांगू. म्हाताऱ्या छातीला खोकायला लावणं सोपं नाही. मी खुर्ची दिली, पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, राहू द्या काका.

काकांनीच हात वर केला. थांबा म्हणून. नितीनकडे बघून म्हणाले, "आता हळू म्हणशीन नको."

आणि खाकरले. बाप्पा! समोरच्या बिल्डिंगमधल्या एका बाईनं खिडकी उघडून पाहिलं. डबीत पिवळसर, घट्ट, चमचाभर बेडका. मी झाकण लावलं, बाहेरून पुसलं, पिशवीत ठेवलं. नितीन भिंतीकडे तोंड करून उभा होता. त्याचे खांदे हलत होते. "मीच म्हटलं होतं त्यांना हळू," एवढंच बोलला.

सेंटर उघडताच डबी इरफानच्या हातात दिली. त्यानं उजेडात धरून बघितली. "याले म्हणतेत सॅम्पल." दुपारी फोन आला. पॉझिटिव्ह. नेहमीच्या औषधांना दाद देणारा.

आमच्या धंद्यात पॉझिटिव्ह आल्यावर आनंद होतो, हे बाहेरच्या माणसाला विचित्र वाटेल. मला झाला. संध्याकाळी बेसाला गेले आणि काकांसमोर बसून सरळ सांगितलं, टीबी आहे. स्वातीनं तोंडावर पदर धरला. काका मात्र पुन्हापुन्हा विचारत होते.

"म्हणजे बीमारी होय?"

"हो काका."

"गोळ्यानं बरी होते?"

"होते. सहा महिने रोज घ्याव्या लागतात."

ते उठून बसले. "मंग आधी काहून नाई सांगतलं? मले वाटलं मी मरून राहिलो."

पुढचं काही सोपं गेलं नाही. नातीला तपासलं. तिला टीबी नव्हता, पण होऊ नये म्हणून तिच्याही गोळ्या सुरू केल्या आणि तिची झोपायची खोली बदलली. काकांना झाकणाची डबी दिली, नालीवर जाणं बंद. तिसऱ्या आठवड्यात उलट्या सुरू झाल्या. सरांनी लिव्हर तपासलं, गोळ्या थांबवल्या, मग एकेक करून पुन्हा चालू केल्या. काका दोनदा रुसले, एकदा गोळी उशीखाली लपवली. मी ती उशीखालून काढून त्यांच्यासमोर धरली आणि नाही नाही ते बोलले. स्वाती दाराआड हसत होती. कोर्स लांबला, पण पूर्ण झाला. शेवटच्या दिवशी काट्यावर त्रेपन्न किलो भरले. काटा बरोबर आहे ना, असं त्यांनी मला विचारलं. दुकानातली सवय.

आमच्या फॉर्मवर 'खोकला किती दिवसांपासून' असा रकाना आहे. सकाळचा बेडका कुठं टाकता, हा नाही. तो मी आता पेनानं वाढवते आणि उत्तर मिळाल्याशिवाय डबी देत नाही. सर एकदा म्हणाले, छापील फॉर्मवर असं लिहायचं नसतं. लिहिते तरी.

आणि वजन का उतरलं असं विचारल्यावर कोणी 'म्हातारपण' म्हणालं, तर ते मी लिहून घेत नाही. म्हातारपणावर माझ्याकडे गोळी नाही. टीबीवर आहे.