सुलभाला हवं असलेलं गाडीतलं ताट

रेल्वेच्या पँट्री कारमध्ये एकोणीस वर्षं काढली की किस्से साठत जातात. ऐकायला माणूस नाही, ही खरी पंचाईत! सुट्टीला घरी बोर्लीला गेलो की बायको ऐकते, आमची सुलभा. ऐकून झालं की तिचं एकच मागणं.

"आख्ख्या गाडीला जेवायला घालता. मला एकदा ते ताट जेवायचंय."

घरी करून देतो म्हटलं तर नको. गाडीतलंच हवं!

*

आता गाडीतलं म्हणजे काय, तेही ऐका. एसी डब्यातल्या एका काकांनी तक्रारवहीत लिहिलं, 'वरणात डाळ दाखवा, बक्षीस मिळवा.' आमचे मॅनेजर भारी गंभीर माणूस. त्यांनी खाली उत्तर लिहिलं, 'शोध सुरू आहे.' वर सही आणि शिक्का!

*

सगळ्या डब्यांना वाढून झालं की दुपारी तीनला आमचं जेवण. जो तो हात रिकामा झाला की उभ्यानेच चार घास कोंबतो. मी बटाट्याच्या गोणीवर बसतो, खिडकीकडे तोंड करून. एवढी माणसं आपल्या हातचं जेवली आणि आपण एकटे, याचं वाईट वाटतं. खोटं कशाला बोलू?

*

मुरुडचे युसुफचाचा आमचे मुख्य आचारी. एकदा त्यांनी स्टाफपुरते सुके बोंबील तव्यावर टाकले. वास थेट एसीत! आता तक्रार येणार असं आम्ही धरून चाललो, तर पनवेलला चढलेल्या एक बाई स्वतःच ताट घेऊन हजर. मेनूत नाही म्हटलं, तर म्हणाल्या, "मेनू तुम्ही खा, बोंबील मला द्या."

माझ्या शेजारी गोणीवर बसून जेवल्या. किती दिवसांनी मला दोन घास जास्त गेले.

हे सुलभाला सांगितलं आणि पस्तावलो. दोन दिवस ती माझ्याशी धड बोलली नाही.

*

मग मे महिन्यात तिच्यासाठी पार्सल घेऊन निघालो. मुंबईहून एसटी, माणगावला गाडी बदलून बोर्ली. घरी पोचेपर्यंत वरण असं फसफसलं की डब्याचं झाकण आपोआप वर! मांजरापुढे ठेवलं. त्याने वास घेतला आणि संध्याकाळपर्यंत शेजाऱ्यांकडे जाऊन बसलं.

*

आमची गाडी माणगावला थांबत नाही. पण एकेरी रूळ. समोरून गाडी येणार असली की क्रॉसिंगला उभी राहते. गेल्या महिन्यात परतीच्या सलग चार फेऱ्या माणगावलाच क्रॉसिंग लागलं. मी सुलभाला फोन केला, पाचव्या फेरीला ये.

ती सकाळच्या एसटीने आली. मी गरम भात, वरण, बटाट्याची भाजी, चपात्या बांधल्या. चाचांनी स्वतः लोणचं घातलं. पाकीट घेऊन मी दारात उभा राहिलो.

नेमकी त्या दिवशी समोरची गाडी लेट. क्रॉसिंग पुढच्या स्टेशनावर गेलं. सिग्नल हिरवा, आमच्या गाडीने वेगसुद्धा कमी केला नाही. सुलभा फलाटाच्या मधोमध उभी होती, नवी साडी नेसून. हातात घरून आणलेलं स्टीलचं ताट. मला बघून तिने ते वर केलं आणि फलाट संपला.

पाकीट माझ्या हातात तसंच, गरम.

संध्याकाळी तिचा फोन आला. घरी पोचले म्हणाली.

मग म्हणाली, "अहो, भाजीत मीठ जरा कमी होतं हं."

"पुढच्या वेळी बघतो," मी म्हटलं.