कुंपणावरचे नर वेल

शैलाताई गेल्याचं त्यांच्या भावाने एका सकाळी फोनवर सांगितलं. मी नुसतं "बरं" म्हटलं.

कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या ताई वारज्याला माझ्या शेजारी राहत. पावसाळ्यात त्यांची सकाळ सोसायटीमागच्या कुंपणापाशी जायची. तिथे रानकर्टोलीचे वेल होते. त्यांच्या फुलांत तेल असतं आणि ते गोळा करणाऱ्या लहानशा काळ्या माशा असतात, हे मला ताईंनीच दाखवलं. माशी पोटावरच्या केसांनी तेल टिपते, परागात कालवते आणि पिल्लांसाठी ठेवून देते. "मधमाशीला तुमच्या बाल्कनीतलं काहीही चालतं. हिचं तसं नाही. वेल गेला की ही गेली," त्या म्हणायच्या. मागच्या टेकडीच्या उतारावरचे वेल जाऊन इमारती उठल्या तेव्हा नेमकं तेच झालं. मधमाशा राहिल्या, भुंगे राहिले, तेलाच्या माशा मात्र आमच्या कुंपणापुरत्या उरल्या. सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणीतरी विचारलं, "मध किती निघतो यांचा?" ताई म्हणाल्या, "थेंबभरही नाही. आपण दुकानातून आणावा."

उन्हाळ्यात कर्करोग निघाला. पाऊस सुरू झाला तेव्हा त्या रुग्णालयात होत्या आणि जीव सगळा कुंपणात अडकला होता. वेल त्यांनी तळमजल्यावरच्या आगाशेकाकांवर सोपवले. काका बँकेतून निवृत्त झालेले, हातात घेतलेलं काम चोख करणारे. एका दुपारी ते डबा घेऊन आले. मी तिथेच होते.

"ताई, आपल्या वेलाची पहिली कर्टोली. हिने भाजी केलीये."

"वेल ठीक आहेत ना सगळे?"

"उत्तम. काही वेलांना नुसतीच फुलं येत होती, फळ एक नाही. ते गड्ड्यांसकट काढून टाकले. उगाच जागा खात होते."

कर्टोलीत नराचा वेल वेगळा आणि मादीचा वेगळा. काकांनी उपटले ते सगळे नर. पराग त्यांच्याकडेच असतो. तो नसेल तर मादीच्या वेलाला फळ धरत नाही, आणि माशीने पिल्लांसाठी तेल कालवायचं कशात? विद्यार्थ्यांचीच काय, प्राचार्यांचीही चूक ताईंनी कधी तोंडावर दाखवायची सोडली नव्हती. मी वाटच बघत होते... त्यांनी एक घास खाल्ला आणि म्हणाल्या, "छान झालीये. वहिनींना सांगा."

काका गेल्यावर त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. "त्यांना सांगू नकोस हं. फार मनापासून केलंय त्यांनी." मग त्या रडल्या. आजाराचं कळलं तेव्हाही रडल्या नव्हत्या. मला काकांचा भयंकर राग आला होता, आणि खरं सांगायचं तर अजून तो गेलेला नाही.

माशा आता येत नाहीत. काका मात्र रोज सकाळी कुंपणापाशी असतात, दोऱ्या सारख्या करतात, एकेक फूल अलगद उचलून बघतात. परवा त्यांनी मला थांबवलं.

"अहो, फुलं एवढी येतायत, मग फळ का धरत नाहीये? ताई असत्या तर त्यांनाच विचारलं असतं."

"पाऊस जास्त झाला यंदा," मी म्हटलं.

"मग पुढच्या वर्षी धरेल," काका म्हणाले आणि सुटलेला एक वेल दोरीला बांधू लागले.