ड्रमवाली आणि दोघांचे निरोप

तिला सगळे ड्रमवालीच म्हणायचे, पण पोट भरायचं ते कवळ्यांवर. दातांच्या डॉक्टरांकडून म्हाताऱ्यांच्या जबड्यांचे साचे यायचे आणि ती गुलाबी मेणात एकेक दात बसवत राहायची. अतिशय शांत काम. "दिवसभर तोंड शिवलेलं आणि संध्याकाळ झाली की धडाडधूम!" थोरली बहीण फोनवर चिडवायची. ती लग्न करून लांब गेली होती. आईवडील गेल्यापासून दोन खोल्यांच्या घरात ही एकटीच होती.

बँड तिघांचा. गायक गिटार वाजवायचा, गाणी लिहायचा आणि शाळेत भूगोल शिकवायचा. दुसरा उंच्या. तो बास गिटार वाजवायचा आणि दिवसा लिफ्ट दुरुस्त करायचा. दारांच्या चौकटींशी त्याच्या कपाळाचं जुनं वैर होतं. सराव चालायचा गालिच्यांच्या दुकानाच्या तळघरात. भिंतीशी उभ्या करून ठेवलेल्या गालिच्यांच्या गुंडाळ्या आवाज गिळून टाकायच्या, त्यामुळे शेजाऱ्यांची कटकट नव्हती. दुकानदार भला माणूस होता. गाणं त्याला कळत नव्हतं, पण "तरुण माणसं आहेत, वाजवू देत" म्हणायचा.

पहिल्या कार्यक्रमाला आलेले बहुतेक लोक गायकाचे नातेवाईकच होते. हळूहळू अनोळखी माणसंही येऊ लागली. मग त्यांचं 'सामान' नावाचं गाणं रेडिओवर लागलं आणि एका उन्हाळ्यात तिघं भाड्याच्या टेम्पोतून गावोगाव फिरले. एका ठिकाणी सगळी माणसं उभी राहून त्यांच्याबरोबर गायली. ड्रमवालीच्या डोळ्यांना धार लागली, पण पुसायला हात मोकळे कुठे होते? तिच्या पुढ्यात नेहमीप्रमाणे त्या दोघांच्या पाठी होत्या. त्यांना काही दिसलं नाही.

फाटलं ते याच गाण्यावरून. रेडिओवरच्या मुलाखतीत गायक म्हणाला, "एका बैठकीत सुचलं मला." चाल खरं तर उंच्याची होती. उंच्यानं रेडिओ बंद केला आणि त्या दिवसापासून गायकाशी बोलणंही.

पण बँड सोडायला दोघंही तयार नव्हते. वेळेवर यायचे, हाताच्या अंतरावर उभे राहायचे आणि मान वळवून ड्रमवालीशी बोलायचे.

"त्याला सांग, दुसऱ्या कडव्यात घाई करतो तो."

"त्याला सांग, मी घाई करत नाही. हाच गाढवासारखा रेंगाळतो."

ती सांगायची, "तो म्हणतोय की आपण दोघांनी जरा वेग जुळवून घ्यावा." शिव्या गाळून, वर थोडी साखर घालून ती निरोप पोचवायची. समोरच्यानं मूळ वाक्य धडधडीत ऐकलेलं असायचं, तरी तो तिचंच वाक्य ऐकल्यासारखी मान डोलवायचा. भाड्याचा टेम्पो कोण ठरवणार, गाण्यांचा क्रम काय, सगळं तिच्यामार्फत. संध्याकाळी घरी आली की आधी उंच्याचा फोन, तो ठेवते न ठेवते तोच गायकाचा. कोणाचं कुठं दुखतंय, हे तिच्याइतकं त्यांच्या घरच्यांनाही ठाऊक नसेल.

"दोघांना समोरासमोर बसव आणि मोकळी हो," बहीण म्हणाली.

"ऐकणार नाहीत ते."

"की तुलाच बसवायचं नाही?"

ड्रमवालीनं घाईघाईनं फोन ठेवला. घर आता रिकामं वाटत नव्हतं, हे बहिणीला कसं सांगणार?

दोन वर्षं असंच चाललं. मग एका दुपारी गायकाच्या इमारतीतली लिफ्ट मध्येच अडकली. आत गायक एकटा. तक्रार गेली, आणि हत्यारांची पिशवी घेऊन कोण आला, तर उंच्या. दार उघडेपर्यंत बराच वेळ लागला. बंद दाराच्या अलीकडून आणि पलीकडून दोघं काय बोलले ते त्यांनाच ठाऊक. इमारतीबाहेर आले ते एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून. ही हकिगत ड्रमवालीला फार नंतर कळली. तिला तेव्हा एवढंच जाणवलं, की फोन येत नाहीत. सरावाचं विचारलं तर गायक म्हणायचा, "परीक्षा आहेत गं." उंच्या म्हणायचा, "बघू पुढच्या आठवड्यात."

कामावरून परतताना एका कॅफेच्या काचेवर तिला पोस्टर दिसलं. दोन गिटार, दोन आवाज, आणि खाली दोघांची नावं.

ती गेली. मागच्या भिंतीला टेकून उभी राहिली. गाताना गायक डोळे मिटतो आणि उंच्या खालचा ओठ दातात धरून हसतो, हे इतक्या वर्षांत तिला पहिल्यांदा दिसलं. गाणी चांगली झाली. ड्रमशिवायही चांगली झाली, आणि तेच तिला फार लागलं.

"अगं, आलीस!" गायक खरोखर खूश झाला होता. "जागा बघ केवढीशी. ड्रम मावलेच नसते."

"नसतेच मावले," ती म्हणाली. "पण मला सांगायचं तरी."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"मला वाटलं, यानं सांगितलं असेल," उंच्या म्हणाला.

"मला वाटलं, हा सांगेल."

ती हसली. मग बस पकडायची आहे म्हणून निघाली आणि सगळी वाट चालत घरी आली.

बँड मोडला असं कोणी कधी म्हटलं नाही. दोघांनी आणखी काही कार्यक्रम केले. पुढे उंच्या कामासाठी दुसऱ्या शहरात गेला. गायक मुख्याध्यापक झाला आणि शाळेच्या वेळापत्रकात बुडाला. रस्त्यात भेटला की म्हणायचा, "एकदा जमायला हवं." ती म्हणायची, "हो, जमू या."

रविवारी मात्र ती तळघरात जात राहिली. सुरुवातीला जुनीच गाणी वाजवायची. गायकाच्या ओळीसाठी थांबायची, उंच्याच्या सुरावटीसाठी जागा सोडायची. त्या मोकळ्या जागा इतक्या मोठ्या व्हायच्या, की काठ्या मांडीवर ठेवून ती नुसती बसून राही. मग एकदा तिनं कोणासाठीच जागा सोडली नाही. सुचेल तसं वाजवत गेली. चुकलं तरी पुढे गेली. हात भरून आल्यावर थांबली, तेव्हा दुकानदार जिन्यात उभा होता.

"आज जोरात दिसतंय," तो म्हणाला. "बाकीचे कधी येणार?"

दर वेळी ती "येतील" म्हणायची. या वेळी तिनं कपाळावरचा घाम पुसला.

"कोणी येणार नाही, काका. मी एकटीच आहे. जाताना दिवे कुठून बंद करायचे, तेवढं मला दाखवून ठेवा."