पहिला कागद वहिनीसारखा

माझी नणंद इतकी भित्री की स्वतःच्या शिंकेला दचकायची. आम्ही दोघी कपड्यांच्या एकाच कारखान्यात होतो. मी तिसऱ्या मजल्यावर मशिनवर, ती खाली ऑफिसात. फळ्यावर लावायच्या सूचना लिहिणं हे तिचं काम. "सर्व कामगारांस कळविण्यात येते की" इथून सुरू आणि "याची नोंद घ्यावी" इथे खलास. स्वतःचं म्हणून एक वाक्य बाईनं कधी लिहिलं नव्हतं. मी चिडवायची, "अगं, स्वप्नं तरी तुझी तुला पडतात का, की त्यांच्यावरही साहेबांची सही लागते?"

त्यात मॅनेजरनं आमच्या मजल्यावरच्या मागच्या जिन्याच्या दाराला कुलूप घातलं. बायका मधेच सटकतात म्हणे! पुढचा जिना एकच, तोही कापडाच्या गठ्ठ्यांनी निम्मा अडलेला. घरी मी भांडी आपटत मॅनेजरच्या नावानं तोंडसुख घ्यायची. ती जेवता जेवता थांबायची.

"वहिनी, आग लागली तर हो?"

"लागली तर साहेबांना निरोप धाडू. किल्ली घेऊन सावकाश या, आम्ही बसतो तोवर जळत!" असं म्हणून मीच हसायची. ती पानावरून उठून जायची.

एका सकाळी बायकांच्या संडासाच्या दारावर एक टाइप केलेला कागद दिसला. 'किल्ली साहेबांच्या खिशात आणि साहेब जेवायला घरी. तरी दुपारी लागणाऱ्या आगीनं साहेबांचा हात धुऊन होईपर्यंत जरा दम धरावा.' खाली नाव नाही. बायका पोट धरधरून हसल्या आणि जाऊन मशिनवर बसल्या. मला हसू आलं नाही. बोलणं सगळं माझ्या तोंडचं, आणि लिहिलं तर मी नव्हतं!

माझं तोंड मॅनेजरलाही ठाऊक होतं. त्यानं मला खाली बोलावून घेतलं. "हे तुमच्याशिवाय कोण लिहिणार? उद्यापासून येऊ नका."

घर आम्हा दोघींच्या पगारावर चालायचं. मी नाही लिहिलं म्हणून सांगितलं, पण ऐकतो कोण! तेवढ्यात कोपऱ्यातल्या टेबलामागून नणंद उठली.

"मी लिहिलं, साहेब. वहिनीसारखं लिहिलं. माझं लिहायची भीती वाटली."

"तू?" तो हसला. "तुला 'कळविण्यात येते'च्या पुढे काय येतं? बस, आत्ता लिहून दाखव."

तिनं कागद पुढे ओढला. मी मनात म्हणतेय, लिही गं बाई माझ्यासारखं, नाहीतर मेले मी. तिनं लिहिलं ते असं:

'मी भित्री आहे. जेवणाच्या सुट्टीत मी वर जाते आणि मागचं दार ढकलून बघते. ते हलत नाही. माझी वहिनी पुढच्या जिन्यापासून सगळ्यात लांब बसते. मी खाली येते, डोळे मिटते आणि आग लागली असं धरून बाहेर पडणाऱ्या बायका बघते. सगळ्या येतात. वहिनी येत नाही.'

मॅनेजरनं वाचलं. त्याचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. "हे कुठे त्या कागदासारखं आहे? म्हणजे तो हिचाच."

झालं! पोरीनं जन्मात पहिल्यांदा स्वतःचं लिहिलं आणि त्यानंच मी अडकले. मला तिचा राग आला, खोटं कशाला बोलू? पण त्याहून जास्त भीती वाटली. रोज मी त्या खुर्चीत बसत होते आणि मला काहीच वाटत नव्हतं.

तिनं कागद उचलला, खाली स्वतःचं नाव घातलं आणि बाहेर जाऊन फळ्यावर टाचला. चहाच्या सुट्टीत बायका खाली आल्या, वाचू लागल्या. जिला वाचता येत नव्हतं तिला दुसरीनं वाचून दाखवलं. कुणी हसलं नाही. सुट्टी संपल्याची घंटा झाली, तरी वर कुणी जाईना. मॅनेजर ओरडला, धमक्या दिल्या, शेवटी स्वतः वर जाऊन कुलूप काढून आला. तेव्हा कुठे बायका हलल्या.

आमची दोघींची नोकरी मात्र गेलीच. आता मी घरीच शिवते, ती एका दुकानात कामाला जाते आणि संध्याकाळी लिहीत बसते. अजून लिहिताना ती भितेच. झालं की आधी मला दाखवते. त्यात एखादं चटपटीत वाक्य दिसलं की मी सांगते, "हे माझं आहे, काढ." ती निमूट काढते. उरलेलं वाचताना मी तिला जवळ बसवून घेते. एकटीनं ते वाचवत नाही.