धुक्यातलं गाऱ्हाणं

चाळीत देवाला गाऱ्हाणं घालायला सगळे मलाच पुढे करतात. कारण भक्ती नाही, आवाज. देव खरंच ऐकतो का, ही शंका तेव्हाही मनात असायची. पण समोर प्रसादाचं ताट असताना ती बोलून कोण दाखवतो?

लालबागच्या मित्रांबरोबर हिमालयात ट्रेकला गेलो. सरावासाठी परळचा पूल रोज चढलो होतो, त्यामुळे स्वतःला मोठा गिर्यारोहक समजत होतो. बर्फातली खिंड ओलांडल्यावर वाटाड्याने बजावलं, सगळ्यांनी एकत्र उतरायचं. मी म्हटलं, "तंबू समोरच तर दिसतायत! मी पुढे होऊन चहा सांगतो," आणि आडव्या उताराने सुटलो. थोड्याच वेळात असं धुकं उतरलं की तंबू गेले, वाट गेली, माझे बूटही मला दिसेनात. हाका मारल्या, ओ नाही. बोटं बधिर झाली. अंधार पडायच्या आत तंबू सापडला नाही तर आपण इथेच गोठणार, हे कळल्यावर सगळी ऐट गळाली.

हात जोडले आणि तोंडातून आपोआप मालवणी आली. "बा देवा म्हाराजा, ह्यां तुझां लेकरू वाट चुकलां हा, तेका तंबूत सुखरूप पोचव रे म्हाराजा!" गाऱ्हाण्याच्या प्रत्येक वाक्यानंतर जमलेल्यांनी होकार भरायचा असतो, म्हणून सवयीने थांबलो. आणि धुक्यातून होकार आला.

"व्हय म्हाराजा!"

अंगावर सर्रकन काटा आला. हुरूप येऊन मी मटण सोडायचं कबूल केलं. मच्छीचं बोललो नाही. देव कोकणातला, समजून घेईल.

"व्हय म्हाराजा!" आता आवाज जवळून, आणि बाईचा. धुक्यातून लाल जाकिटातल्या साठीच्या काकी प्रकटल्या. दुसऱ्या एका ग्रुपबरोबर आल्या होत्या.

"खंयचो रे तू?"

"लालबागचो."

"मी परळची. मेल्या, नवस मागसून कर, आधी कानटोपी घाल! आमचो वाटाड्यो थंय उभो आसा. गप माझ्या मागसून ये."

मला वाटलं होतं, तंबू डावीकडे आहेत. काकी उजवीकडे वळल्या. सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांच्या सॅकचा पट्टा धरून, त्या ठेवतील तिथे पाऊल ठेवत थेट तंबूपर्यंत चाललो. शरण जाणं म्हणजे काय, हे पोथ्या ऐकून कधी उमगलं नव्हतं; त्या उतारावर उमगलं. आपलं शहाणपण खाली ठेवलं की पाठीवरची सॅकसुद्धा हलकी होते.

माझ्या हाकेला ओ देवाने दिली की काकींनी, याचा तपास मी करत नाही. अडचण एवढीच, की देव एखादे वेळी नवस विसरला असता, पण काकी शेजारीच परळला राहतात. रविवारी दुपारी न चुकता फोन येतो, "आज काय जेवलस रे?"

घरात मटणाचा वास दरवळत असतो. मी देवाकडे बघून मनापासून हात जोडतो आणि मुकाट्याने डाळभात कालवतो.