अंगठ्यातून जाणारा धागा

माई पायाचा अंगठा तिसऱ्या हातासारखा वापरत. चटईवर उजवा पाय लांब पसरायचा, धाग्याला अंगठ्याभोवती एक वेढा द्यायचा आणि दोन्ही हातांनी बॅटची मूठ हळूहळू फिरवायची. अंगठा किंचित वळला की धागा ताणला जाई, सरळ झाला की सैल पडे. ही रीत त्या शेजारच्या पटव्याच्या बायकोकडून शिकल्या होत्या. ती अशीच बसून दागिने गाठवायची. समोर गिऱ्हाईक उभं असलं तरी माई पाय आखडून घेत नसत. छावणीतल्या एका अधिकाऱ्याने एकदा जरा नाराजीने त्या पायाकडे पाहिलं, तेव्हा मान वर न करता त्या म्हणाल्या, "साहब, ये पैर नहीं है, औज़ार है."

झाशीच्या इलाइट चौराह्याच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर होतं. पुढच्या खोलीत खेळाच्या सामानाची दुरुस्ती चाले. बॅटच्या मुठी बांधायच्या, टेनिसच्या रॅकेटला तात भरायची, हॉकीच्या काठ्यांच्या चिरा बुजवायच्या. दुकान मुळात त्यांच्या यजमानांचं. ते गेले तेव्हा लोकांना वाटलं, आता कुलूप लागणार. माईंनी तेराव्यानंतर दार उघडलं आणि अर्धवट राहिलेली एक बॅट पुरी करून टाकली. घराणं झाशीतलं जुनं मराठी. बोलणं मात्र मधूनमधून हिंदीच्या अंगाने जाई. "बसून घे", "सांगून देते" असं त्या म्हणत आणि त्याच वाक्यात "फडताळ" हा शब्दही येई. तो मी त्यापूर्वी फक्त आजीच्या तोंडून ऐकला होता.

माझे बाबा रत्नागिरीकडचे. कारखान्यात इंजिनियर म्हणून झाशीला आले आणि इथलेच होऊन गेले. समुद्र सुटला, मासे सुटले नाहीत. दर रविवारी ते बेतवा नदीवर जात. गोड्या पाण्यातल्या माशाला चव नसते, असं दर रविवारी म्हणत आणि पुढच्या रविवारी पुन्हा जात. त्यांची गळाची काठी बांबूच्या सहा पट्ट्या चिकटवून केलेली होती. दोन तुकडे, मध्ये पितळी जोड, बुचाची मूठ. दोरी ओवायच्या कड्या रेशमी धाग्याने काठीला बांधलेल्या. बदलीवर निघालेल्या एका अधिकाऱ्याने ती बाबांना दिली होती. बाबा गेल्यावर दोन वर्षं ती कपाटावर पडून राहिली. मग एक दिवस मी खाली काढली. धागे पिचले होते, वार्निशचे पापुद्रे निघाले होते, जोड अडकून बसला होता. मी शाळेत शिकवते, हातात कला नाही. कुणीतरी माईंचं नाव सांगितलं.

माईंनी काठी हातात घेतली, खिडकीशी नेली, बोटं फिरवत वरपासून खालपर्यंत गेल्या आणि एका कडीपाशी थांबल्या. मग विचारलं, "भिंतीवर लावायची आहे का नदीवर न्यायची आहे?"

मी म्हटलं, "नदीवर."

"मग ठेवून जा. बघते."

कुणालाही त्या "होईल" म्हणत नसत. "बघते" एवढंच. आठवड्याने गेले तर काठी तशीच कोपऱ्यात उभी. दुसऱ्या आठवड्यात जोड साफ झाला होता, बुचाची मूठ उजळली होती, पण धाग्यांना हात लागलेला नव्हता. तिसऱ्या आठवड्यातही तेच. मला शाळेतल्या मुलांशी बोलायची सवय. त्याच आवाजात मी म्हणाले, "माई, जमत नसेल तर सांगा. मी दिल्लीला पाठवते."

"पाठवून दे," त्या शांतपणे म्हणाल्या. "ते लोक धागे कापतील आणि नवे बांधतील. विचार पण नाही करणार."

"मग कापायचेच आहेत ना?"

त्यांनी मला जवळ बसवलं. काठी मांडीवर आडवी घेतली आणि नखाने एक बांधणी दाखवली. "वळणं कुठल्या बाजूला जातात बघ. आता ही बॅट बघ, माझ्या हातची. उलटी आहेत ना? झाशीत असं उलटं एकच माणूस बांधत होता. आमचे हे. डावखुरे होते."

बाबांनी काठी कुणाकडे बांधून घेतली होती हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं, मीही कधी विचारलं नव्हतं. गावात हे काम करणारं दुकानच एक, तेव्हा नवल वाटायचं कारण नव्हतं. तरी वाटलं.

"त्यांच्या हातचं आता काही उरलेलं नाही," माई म्हणाल्या. "बॅटी लोकांनी मोडल्या, फेकल्या. रॅकेटी पण गेल्या. हे आलं तीस-चाळीस वर्षांनी, तुझ्या हातून."

"मग राहू द्या," मी घाईने म्हणाले. "वरून नुसतं वार्निश लावा. मी नाही नेत नदीवर."

माईंचा आवाज पहिल्यांदाच चढला. "वरून वार्निश? आणि कधी नेलीस, मोठा मासा लागला आणि कडी उपटून आली तर? नाव त्यांचंच खराब होणार ना? धागा सडला आहे पोरी. चांगला होता तोवर त्यांचा होता."

त्यांनी फडताळातून पातं काढलं आणि माझ्या हातात दिलं. "पहिला तू काप."

मी कापायला घेतला. पातं धाग्यावरून घसरून बांबूवर टेकलं. माईंनी ते काढून घेतलं. "राहू दे. तू तर काठीच सोलून ठेवशील." मग त्यांनीच कापले. एकामागून एक, अकरा बांधण्या. एकही काप घाईने नाही आणि एकदाही थांबणं नाही. तुकडे चटईवर पडत होते. मी ते गोळा करायला वाकले तर म्हणाल्या, "कशाला? कचरा आहे." केरसुणी घेऊन त्यांनी ते स्वतः लोटून टाकले. मग आत जाऊन चहा केला. त्यात साखर घालायची राहिली होती. आम्ही दोघींनी तो तसाच प्यायला.

पुढचे पंधरा दिवस मी शाळा सुटली की तिथे जाऊन बसू लागले. "धागा ओढायचा नाही, काठीला फिरवायचं," असं त्या सारखं सांगत. ओढलेला धागा आज घट्ट दिसतो आणि उद्या सुटतो, असं त्यांचं म्हणणं. वार्निश लावायच्या दिवशी खिडक्या बंद, पंखा बंद, बोलणंही बंद. ब्रशवर त्यांचा विश्वास नव्हता. करंगळीच्या टोकाने त्या एकेका बांधणीवर वार्निश पसरत. कुणी दार वाजवलं तर मी हलकेच उघडून हाताने थांबायची खूण करायची. त्या बंद खोलीत घामाने निथळत, गप्प बसून बाबांची जितकी आठवण मला आली, तितकी तेरा दिवसांच्या सुतकातही आली नव्हती.

काठी तयार झाली तेव्हा माई म्हणाल्या, "मी पण येते." पहाटेच रिक्षा करून आम्ही बेतवेवर गेलो. बाबांबरोबर लहानपणी जे पाहिलं होतं, त्याच्या भरवशावर मी गळ टाकला. चार वेळा तो गवतात अडकला. पाचव्या खेपेला काठी वाकली. मी ओरडलेच. माई माझ्या मागून म्हणाल्या, "मासा बघू नको, जोड बघ." जोड हलला नाही, कड्याही हलल्या नाहीत. वीतभर रोहू बाहेर आला. माई मासे खात नसत. "सोडून दे त्याला," त्या म्हणाल्या. "आपलं काम झालं." बाबांनी असं करू दिलं नसतं. मी सोडला.

त्या हिवाळ्यात माईंना काचबिंदू असल्याचं निघालं. निदान उशिरा झालं होतं. दुकान आवरून त्या भाचीकडे मऊरानीपुरला गेल्या. निघताना कुणाला काही दिलं नाही, रडल्या नाहीत. सामानाची ट्रंक रिक्षावर चढवणाऱ्याला मात्र म्हणाल्या, "भैया, सीधी रखना, इसमें वार्निश है."

मी अधूनमधून बसने जाऊन येई. शेवटची गेले तेव्हा काठी बरोबर नेली होती. टोकाजवळची एक कडी दगडावर आपटून निखळली होती आणि तिथली बांधणी मीच पुन्हा केली होती, चार वेळा उसवून. तोवर माईंना दिसेनासं झालं होतं. त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली आणि मुठीपासून बोट फिरवायला सुरुवात केली. भाचीने चहा आणून ठेवला, तो निवला. बोट दहा बांधण्यांवरून सरळ गेलं. अकराव्यावर थांबलं.

"ही माझी नाही."

"माझी आहे, माई."

त्यांनी नखाने कड उचकटून पाहिली. दोनदा, तीनदा. मग जोर लावून. कड सुटली नाही.

"जाडी आहे," त्या म्हणाल्या. "दिसायला चांगली नसेल." आणि काठी माझ्याकडे परत देत, "नदीवर चालेल."

त्यानंतर दीड महिन्यात त्या गेल्या. भाचीचा फोन दुपारी आला, मी वर्गात होते. रविवारी मी काठी घेऊन बेतवेवर गेले आणि ऊन चढेपर्यंत मासे धरत बसले.