मामांचा डोळा आणि माझा सातवा पेपर

माझ्या एम.ए.च्या अभ्यासात आमच्या मामांचा डावा डोळा गेला.

कुणाला ही थाप वाटेल, पण आमच्या घरात अजूनही ही गोष्ट अशीच सांगतात, आणि सांगताना सगळे माझ्याकडे बघतात. मी नागपूरला इंग्रजी घेऊन एम.ए. करत होतो. सातवा पेपर होता 'इंग्रजी भाषिक देशांची संस्कृती'. शिकवणारे सर स्वतः कधी इटारशीच्या पलीकडे गेले नव्हते, पण लंडनच्या दिवाणखान्यात कोण कुठं बसतं हे डोळे मिटून सांगत. (आम्हीही डोळे मिटूनच ऐकत असू.) एकदा त्यांनी लिहून दिलं, "साहेब माणूस एकदा 'नो' म्हणाला की विषय संपला. त्याला पुन्हा विचारणं म्हणजे त्याचा अपमान!" मी त्या वाक्याखाली लाल रेघ मारली. मला ते इतकं पटलं, की आपलं अख्खं खानदान रानटी आहे अशी माझी खात्रीच झाली!

कारण आमच्याकडे सगळा उलटा कारभार. पाहुण्यानं 'नको' म्हणायचं, आपण 'असं कसं' म्हणायचं, त्यानं परत 'नको' म्हणायचं, आपण हात धरून पाटाकडे ओढायचं. तिसऱ्या 'नको'ला पाहुणा हात धुवायला उठतो. त्याच्या आधी उठला तर तो हावरट. आणि आपण तिसऱ्यांदा विचारलंच नाही तर? तर काय, हे कुणालाच माहीत नव्हतं, कारण आमच्या सात पिढ्यांत तसं कुणी केलेलं नव्हतं.

ते मी केलं.

मामा म्हणजे आईचा एकुलता एक भाऊ. रामटेकजवळच्या खेड्यात धानाची शेती. एका दुपारी बाबा गांधीबागेतल्या कापडाच्या दुकानात कामावर होते, आई गल्लीत बारशाला गेली होती, आणि मी एकटाच नोट्स पाठ करत होतो. दारात मामा उभे! हातात तांदळाची पिशवी, डाव्या डोळ्यावर फडकं.

"या मामा. जेवता का?"

"नको गा. खाऊन निघालो."

"बरं."

मामा जरा थांबले. माझ्याकडून पुढचं काही येईना. मग त्यांनी खुर्चीत बूड टेकवलं.

"डोळा लय दुखून राहिला. रामदासपेठेत डोळ्याचे डॉक्टर हायेत म्हणते. दाखवीन म्हणतो."

"मी येऊ का सोबत?"

"राहू दे गा. तुले अभ्यास असंन."

"बरं. मुक्काम करता?"

"नाही बा, घरी कामं पडून हायेत."

"ठीक आहे मामा," असं म्हणून मी उठून त्यांच्यासाठी अदबीनं दार उघडलं. (हेही नोट्समध्ये होतं.) मामांना वहाणा घालायला किती वेळ लागला! एक घातली, काढली, झटकली, परत घातली. मी कौतुकानं बघत होतो. मला वाटलं, आपल्या घरात आज पहिल्यांदा दोन सुसंस्कृत माणसं एकमेकांचा निरोप घेत आहेत!

आई आली. मी मोठ्या अभिमानानं सांगितलं, "मामा येऊन गेले."

"जेवले?"

"नको म्हणाले."

"कितीदा इचारलं तू?"

"एकदा."

आई मटकन खालीच बसली. "एकदा? डोळ्यावर फडकं बांधून माहा भाऊ दारात आला, अन् तू त्याले हाकलून देल्लं?"

"हाकललं नाही! त्यांच्या शब्दाचा मान राखला!"

बाबा तेवढ्यात घरात शिरत होते. त्यांनी मला एकदाही न विचारता पाठीत धपाटा घातला. आई त्या दिवशी जेवली नाही. बाबांनी तिला तीनदा विचारलं, तरी नाही.

मामा डॉक्टरकडे गेलेच नव्हते. अनोळखी शहर, एक डोळा बांधलेला, सोबतीला कोणी नाही. सरळ स्टँडवर जाऊन एस्टीत बसले होते. मग रविवारी माझी रवानगी झाली, मामांना घेऊन येण्यासाठी. एस्टीत उभ्यानं गेलो, पोटात कावळे कोकलत होते. मामी म्हणाल्या, "जेवता का?"

"नको मामी, खाऊन आलो," मी सवयीनं बोलून गेलो.

"बरं," म्हणून मामी आत गेल्या आणि झाकणं लावल्याचे आवाज आले! मी थिजलो. मामा ओट्यावरून शांतपणे म्हणाले, "म्याच सांगतलं तिले. पोट्टा विलायती शिकून राहिला, त्याले दुसऱ्यांदा इचारू नको, राग येते त्याले." परत येईपर्यंत मी विहिरीचं पाणी पीत होतो. मामा काही आले नाहीत. धानाची कापणी झाल्यावर पाहू, म्हणाले.

कापणी झाली, मळणी झाली, तेव्हा कुठं मामा आले. डोळा लालभडक. या वेळी मीच त्यांना हात धरून रामदासपेठेत नेलं. डॉक्टरांनी बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "फार उशीर केलात. परवा सकाळी ऑपरेशन करू." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग मी पापं फेडायला निघालो! सातवा पेपर गेला खड्ड्यात, आता आग्रह करीन तर असा करीन! घरातली सगळी रेशनची साखर आईच्या मागं लागून शिऱ्यात ओतायला लावली.

"नको गा," मामा म्हणाले, "मले गोड मना केलं हाये गावच्या डॉक्टरनं."

(हे तर आमच्याकडे सगळेच पाहुणे म्हणतात! पहिला नको.)

"असं कसं मामा!"

"खरंच नको." (दुसरा.)

"माझी शपथ!"

"अरे, झेपत नाही गा मले." (तिसरा! जिंकलो!)

"आता इतकं म्हणून राहिला तं..." म्हणत मामांनी ताट पुढं केलं. दोन दिवस, चार वेळा शिरा. आई डोळे पुसत वाढत होती, मामा बिचारे माझं मन राखायला खात होते, आणि मला वाटत होतं, आता देव मला माफ करणार.

ऑपरेशनच्या सकाळी तपासणीत मामांची साखर एवढी निघाली, की डॉक्टर ओरडलेच. "यांना गोड कोणी दिलं?" आईनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, तेच जास्त लागलं. साखर उतरायला दहा दिवस गेले. तोवर डाव्या डोळ्यातला उजेड गेला होता. डॉक्टर म्हणाले, आता उजवा सांभाळा. मी दवाखान्याच्या जिन्यात बसून रडलो. एकदा मामांचं ऐकलं म्हणून चुकलो, एकदा ऐकलं नाही म्हणून चुकलो. सरांच्या नोट्समध्ये यावर काही नव्हतं.

निकाल लागला तेव्हा मामा उजवा डोळा दाखवायला आमच्याच घरी आलेले होते. मी गुणपत्रिका लपवत होतो, तर त्यांनी हाक मारली.

"का गा, तो साहेब लोकांचा पेपर होता ना तुहा? किती मार्क पडले?"

"एकावन्न."

"शंभरातून?"

"हो मामा."

मामांनी मान वळवून उजव्या डोळ्यानं मला नीट न्याहाळलं, आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

"मंग बराबर हाये गा. मलेही आता तेवढंच दिसते."